पाच वर्षांचं पत्र, सहा वर्षांचं पत्र

हे प्रकरण एका मुलीचं आहे. गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या बाजूला. घरी साडेचार एकर शेती, त्यातली दोन एकर भिजणारी. वडील शेतकरी, आई बचत गटाची सचिव, धाकटा भाऊ अजून शाळेत. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची आणि मग गावच्याच संस्थेची मराठी शाळा, अकरावी-बारावी लातूरला. मी तिला जीवशास्त्र शिकवलं. पुढचे बहुतेक कागद तिच्या वडिलांनी माझ्यासमोर आणून ठेवले, म्हणून हे इतक्या बारकाईनं लिहिता येतंय. तिचं नाव, विद्यापीठ, बँक, एजंट, सगळं वगळलं आहे.

आज ती जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे. प्रकरण पूर्ण झालेलं नाही. पण आमच्याकडं दर सप्टेंबरला अशी घरं दिसतात आणि त्यांना निर्णयाला जेमतेम पंधरा दिवस मिळतात. त्यांच्यासाठी हे आत्ताच सांगायला हवं.

2022 चा सप्टेंबर

त्या वर्षी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा 17 जुलैला झाली आणि निकाल 7 सप्टेंबरला लागला. तिचा तो दुसरा प्रयत्न. एक वर्ष रिपीटरच्या बॅचला काढलेलं. 720 पैकी 391 आले. त्या वर्षीची पात्रतेची रेषा खुल्या वर्गाला 117 आणि राखीव प्रवर्गांना 93 होती. म्हणजे परदेशात जायला ती सहज पात्र होती, पण राज्यातल्या सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळण्यापासून बरीच लांब. खासगी कॉलेजची फी वर्षाला दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर. तो विषय घरात पहिल्याच संध्याकाळी मिटला. बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला, नंबर लागला असता. तिला ते नको होतं, आणि तिचं तसं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. ज्याला जे शिकायचं नाही त्यात साडेपाच वर्षं घालवणं हाही तोटाच.

मराठवाड्यातल्या पालकांच्या मनात एक जुनी सलही असते. सप्टेंबर 2020 पर्यंत राज्यात 70:30 चं सूत्र होतं. विभागातल्या 70 टक्के जागा विभागातल्याच मुलांना. आमच्याकडं कॉलेजं कमी, मुलं जास्त; त्यामुळे तेवढेच मार्क घेऊन दुसरीकडचं पोरगं डॉक्टर व्हायचं आणि आमचं घरी बसायचं. ते सूत्र रद्द झालं. 2022 ला उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, सरकारी कॉलेज सुरू झालं; पुढं परभणी, मग जालना आणि हिंगोली. जागा वाढल्या, तशी परीक्षेला बसणारी मुलंही वाढली. 391 मार्कांच्या मुलीला या सगळ्याचा उपयोग नव्हता.

निकालानंतर चौथ्या दिवशी तिचे वडील, अप्पा, एक पत्र घेऊन आले. लातूरच्या एका एजंटानं दिलेलं. मध्य आशियातल्या एका देशातला पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राहणं-खाणं धरून 18 लाखांचं पॅकेज, वर ठळक शिक्का: 'एनएमसी ॲप्रूव्हड', म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मान्य. रविवारपर्यंत 50 हजार भरले तर जागा पक्की. अप्पांनी त्यासाठी मोंढ्यातल्या आडत्याकडून येणाऱ्या सोयाबीनवर उचलही घेतली होती.

"सर, पाच वर्षांत लेकरू डॉक्टर होऊन येतंय. एक वर्ष वाचतंय, पैसेबी वाचतेत."

"अप्पा, यात इंटर्नशिप कुठं लिहिलीय?"

"ती म्हणे हितंच करायची. आपल्या सिव्हिलला."

सगळा निर्णय या एका वाक्यावर येऊन थांबला.

उलट्या टोकाकडून वाचन

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 18 नोव्हेंबर 2021 ला परदेशी पदवीधरांसाठी नियम काढले. त्यानंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहेत. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा. त्यावर त्याच परदेशी संस्थेत किमान 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी. सगळं शिक्षण, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हायला हवं. त्यातला कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. एवढं सगळं झाल्यावर भारतात परीक्षा, आणि वर भारतातली 12 महिन्यांची इंटर्नशिप वेगळी.

वहीच्या मागच्या पानावर आम्ही बेरीज मांडली. 54 अधिक 12, म्हणजे 66 महिने. पाच वर्षं म्हणजे 60 महिने. सहा महिने कमीच पडतात. विद्यापीठ कितीही चांगलं असो, मुलगी कितीही हुशार असो, हे सहा महिने पुढं कोणी भरून देत नाही. आणि 'सिव्हिलला करायची' ती इंटर्नशिप म्हणजे परत आल्यावरची, भारतातली. तिथल्या 12 महिन्यांच्या बदल्यातली नव्हे. एजंट या दोन वेगळ्या इंटर्नशिप एकच करून सांगत होता.

शिक्क्याचं म्हणाल तर आयोग परदेशी कॉलेजांची मंजूर यादी काढतच नाही. वैद्यकीय शाळांची जी जागतिक निर्देशिका आहे तिच्यात नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे. नियमात बसतंय का हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच टाकलेली आहे. जो 'ॲप्रूव्हड' म्हणतो त्याला आयोगाचं त्या कॉलेजच्या नावानं काढलेलं पत्र मागावं. ते नसतंच.

या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते इतकंच. परदेशातला वैद्यकीय प्रवेश प्रवेशपत्राकडून वाचू नये. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीच्या खिडकीवर आठ-नऊ वर्षांनी जो बाबू फाईल उघडेल, तो कुठला कागद मागेल, तिथून उलटं वाचत यावं. देश, फी, हवामान, 'तिथं मराठी मेस आहे का' हे प्रश्न त्यानंतरचे.

अप्पांनी उचल आडत्याला परत केली. एजंटाचे फोन आठवडाभर येत राहिले.

चार प्रश्नांची ई-मेल

जॉर्जियातला वैद्यकीय अभ्यासक्रम सहा वर्षांचा, 360 क्रेडिटचा असतो, वर्षाला 60. 72 महिने म्हणजे 66 च्या पुढं सहा महिने शिल्लक. तिथल्या दोन विद्यापीठांना तिनं स्वतः ई-मेल लिहिली. इंग्रजी अडखळत होतं. मी व्याकरण सुधारलं, वाक्यं तिचीच ठेवली. प्रश्न चार होते. शेवटचे 12 महिने वेगळी इंटर्नशिप म्हणून प्रमाणपत्रावर येतील का? ती तुमच्याच संस्थेच्या रुग्णालयांत होईल का? सहाही वर्षं इंग्रजीतून, असं लेखी द्याल का? पदवीनंतर जॉर्जियाच्या नागरिकाला जो परवाना मिळतो त्याला मी पात्र असेन का?

एका विद्यापीठानं माहितीपत्रक पाठवलं, उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं पहिल्या तीन प्रश्नांना लेटरहेडवर होकार दिला. चौथ्याचं उत्तर गोल होतं. त्याकडं पुढं येतो. तिनं दुसरं निवडलं. फी वर्षाला 5500 डॉलर.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. बारावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रक, मंडळाच्या लातूर विभागीय कार्यालयातून पडताळून, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारी साक्षांकनाची मोहोर. मेमोवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त. आपल्या राज्यातल्या निम्म्या मुलांची ही अडचण असते आणि ती व्हिसाच्या तोंडावर लक्षात येते. प्रतिज्ञापत्रावर भागलं, पण आठवडा गेला. पासपोर्ट काढतानाच दहावीचा मेमो समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं.

तिकडं सत्र सुरू झालं होतं. विद्यापीठ म्हणालं, व्हिसा येईपर्यंत ऑनलाइन बसा. तिनं वर्ग ऐकले, पण हजेरी आणि नोंदणी प्रत्यक्ष पोहोचल्या दिवसापासून धरा असं लेखी मागून घेतलं, कारण ऑनलाइन झालेलं शिक्षण आयोग धरत नाही. पुढं भारतात डॉक्टर म्हणून नोंदणीच्या वेळी पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के तपासले जातात. प्रवेशाची तारीख आणि विमानतळावरचा शिक्का यांचा मेळ बसला नाही की खुलासे देत बसावं लागतं. नोव्हेंबर 2022 मध्ये ती पोहोचली. तेव्हापासून प्रत्येक बोर्डिंग पासचा फोटो आणि पासपोर्टचं प्रत्येक शिक्क्याचं पान ती वडिलांच्या फोनवर पाठवते. अप्पांनी त्याचे प्रिंट काढून प्लास्टिकच्या फाईलीत लावलेत, सातबाऱ्याच्या फाईलीशेजारी.

शेतजमीन बँकेला चालत नाही

पैशाचं गणित इथं जरा सविस्तर मांडतो, कारण बहुतेक घरं इथंच फसतात. डॉलर तेव्हा 82 रुपयांच्या आसपास होता. एका वर्षाची फी साडेचार लाख, सहा वर्षांची सत्तावीस. राहण्या-खाण्याला महिन्याला 300 डॉलर धरले तर आणखी सतरा-अठरा लाख. विमानाची तिकिटं, विमा, तिथला निवासी परवाना वेगळे. म्हणजे एजंटाच्या 18 लाखांसमोर खरा आकडा 45 लाखांच्या पुढं.

अप्पांचं म्हणणं, जमीन आहे की. बँकेत गेल्यावर कळलं की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँक घेत नाही. कर्ज बुडालं तर तारण जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा बँकांच्या हाती आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शिवाय सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होताच. साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळतं, त्यावर तारण लागतं. गावातलं घर गावठाणातलं, त्याची कागदपत्रं अपुरी. शेवटी मामा पुढं आला. लातूरला त्याचा एक एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट होता, तो त्यानं भाचीसाठी गहाण ठेवला. कर्ज 25 लाखांचं मंजूर झालं; परदेशी शिक्षणाला पंधरा टक्के वाटा घरानं घालायचा असतो, तो वेगळा. केंद्राची व्याज-सवलत देशातल्या शिक्षणापुरती आहे, तिचा इथं उपयोग नाही.

अप्पा भिजणारी दोन एकर विकायला निघाले होते. मी जोर देऊन नको म्हणालो. सहा वर्षं घर कशावर चालणार होतं?

एक गोष्ट बँकेच्या अधिकाऱ्यानं चांगली समजावली. हप्ता सुरू होतो अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं. तिचा अभ्यासक्रम 2028 च्या उत्तरार्धात संपेल, म्हणजे हप्ता 2029 च्या उत्तरार्धात. पण ती पहिल्या प्रयत्नात डिसेंबर 2028 ची परीक्षा पास झाली तरी भारतातली इंटर्नशिप 2030 पर्यंत चालेल. हप्ता पगाराच्या आधी दारात येणार. हे माहीत असलेलं घर पहिल्यापासून थोडं थोडं व्याज भरत राहतं. बचत गटातून उचल घेऊन आई ते भरते. सहा वर्षं व्याज साचू दिलं तर ते मुद्दलाला चिकटतं, आणि मग हप्ता बघून छाती दडपते.

तिथला अभ्यास, इथली परीक्षा

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. शरीररचना, जीवरसायन, जॉर्जियन भाषा. दुसऱ्या वर्षी जीवरसायनाच्या पुढच्या भागात तिला 47 मिळाले. तिथं 100 पैकी 51 ला पास. 41 ते 50 मध्ये असाल तर एक फेरपरीक्षा मिळते. 40 किंवा खाली आलात तर तो विषय पुन्हा घ्यायचा, आणि तिच्या विद्यापीठात क्रेडिटमागे वेगळी फी भरून. 47 म्हणजे काठावरून परत. फेरपरीक्षेत 68 मिळाले. तिच्या बरोबरच्या दोघांचं वर्ष लांबलं. लांबलं म्हणजे खर्च वाढला. शिवाय सगळं पूर्ण करायला आयोगाची 10 वर्षांची मर्यादाही आहेच.

पण खरी अडचण 51 ची नाही. तिथं नियमित पास होणारी मुलंही भारतातल्या परीक्षेत अडकतात. एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांची ती परीक्षा, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते, 300 प्रश्न, 150 ला पास, चुकीला मार्क कापत नाहीत. ऐकायला सोपी. तरी बहुतेक सत्रांत पाचात जेमतेम एक जण पास होतो. कारण उघड आहे. 300 पैकी 30 प्रश्न सामुदायिक वैद्यकशास्त्राचे असतात: आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा कार्यक्रम, माता-बालआरोग्य. तिबिलिसीत हे कोण शिकवणार? सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, डेंगी, हे तिथल्या वॉर्डात दिसत नाहीत.

म्हणून आम्ही ठरवलं की एफएमजीईचा अभ्यास सहाव्या वर्षानंतरच्या दिल्लीतल्या क्लासवर सोडायचा नाही. जो विषय तिकडं संपेल तो त्याच सुटीत भारतीय पुस्तकातून पुन्हा वाचायचा. 2024 च्या उन्हाळी सुटीत ती गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंजवळ बसली. कुठल्या वयाला कुठली लस, दंडाला की मांडीला, डबा कुठल्या तापमानाला, सगळं पाहिलं. हे कागदावर कुठंही धरलं जाणार नाही, धरू द्यायचंही नाही. पण त्या 30 प्रश्नांतले कितीतरी तिथं सुटले. आशाताईंनी तिला घरोघर नेऊन गरोदर बायांची नोंद कशी ठेवतात ते दाखवलं. "लेकरू परदेशात शिकतंय आन् हितं वहीत टिकल्या करतंय," असं एक आजी म्हणाली म्हणे, कौतुकानं.

तिसऱ्या वर्षापासून रुग्णालय सुरू झालं. वर्ग इंग्रजीत, पण खाटेवरचा माणूस जॉर्जियन बोलणारा. बरीच परदेशी मुलं मागं उभी राहून बघतात. डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं संपलं की इंग्रजीतला सारांश लिहून घेतात. सहा वर्षं अशी काढलेला डॉक्टर रुग्णाला हात लावायला बिचकतो. तिनं एक वही केली. डावीकडं मराठीत प्रश्न, उजवीकडं जॉर्जियन, देवनागरीत लिहिलेलं. 'रा गाचुखेब्त', काय त्रास होतोय? यातला 'च' चाकातला. आपल्या चाकातला आणि जाळ्यातला असे दोन्ही आवाज त्या भाषेत असल्यानं मराठी मुलांना ते लवकर जमतात, हिंदी मुलं तिथं अडतात, असं ती सांगते. दुखणं कधीपासून, झोप लागते का, उलटी झाली का, असे साठ-सत्तर प्रश्न पाठ केल्यावर एका वयस्क बाईनं तिला आपल्या पोटावर हात ठेवून तपासू दिलं आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली. त्या दिवशी तिनं घरी केलेला फोन मी ऐकला आहे. मेहनतीचं चीज होताना पाहणं ही शिक्षकाची खरी कमाई.

2025 चा सप्टेंबर

चौथ्या वर्षाच्या फीची वेळ आणि मराठवाड्यातली अतिवृष्टी एकाच महिन्यात आली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. शेंगांना कोंब फुटले. डॉलर 88 वर गेला होता. तीच 5500 ची फी आता 33 हजारांनी महाग. फीचा मोठा भाग बँक देणार होती, पण घरचा वाटा आणि खर्चाचे पैसे कुठून आणायचे?

नेमक्या याच दिवसांत तिच्या हॉस्टेलवर एक 'सीनियर' आला. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात बदली करून देतो, चौथ्याच वर्षात घेतात, फी निम्मी, उरलेल्या वर्षांत आठ लाख वाचतील. तिच्या मजल्यावरच्या तिघी तयार झाल्या. अप्पांनाही ते पटलं. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "सर, शेतात गुडघाभर पाणी हाय. आठ लाख म्हंजे मला दोन वर्षांचं रान हाय. बदली करू का लेकराची?"

मी त्यांना 2022 ची वही काढायला सांगितली. त्याच पानावर, बेरजेच्या खाली, 'सगळं एकाच संस्थेत' असं तिच्याच हातानं लिहिलेलं होतं. तीन वर्षं एका संस्थेत आणि तीन दुसरीत झाली की आठ लाख वाचतात आणि आधीचे वीसेक लाख मातीत जातात, कारण भारतात नोंदणीच होत नाही. युक्रेनच्या युद्धानंतर तिथल्या मुलांना दिलेली सवलत त्या मुलांपुरतीच होती. तिचा दाखला देऊन बदली विकणारे आजही भेटतात.

मग पैशाचा मार्ग शोधला. तिनं विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाला पत्र लिहिलं: पुराच्या बातमीची लिंक, पंचनाम्याची प्रत, इंग्रजी भाषांतर आणि तीन वर्षांचे गुण. फी दोनाऐवजी चार हप्त्यांत घ्यायला ते तयार झाले. बँकेला प्रगतिपत्रक उशिरा गेल्यानं रक्कम अडकली होती. दोनदा खेपा घातल्यावर ती सुटली. अप्पांनी यंदा दीड एकर बटईनं दिली. मामानं पुन्हा हात दिला. मजल्यावरच्या तिघींपैकी एक थांबली, दोघी गेल्या. त्या गेलेल्या दोघींचा विचार मनातून जात नाही. त्यांच्या घरी ती बेरीज मांडून दाखवायला कोणी नव्हतं.

आता कुठं आहे

तिचा सातवा सेमिस्टर पास झाला आहे. चौथ्या प्रश्नाचं गोल उत्तर मात्र अजून तसंच आहे. जॉर्जियात सहा वर्षांच्या पदवीनंतर लगेच स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. त्यासाठी तिथं पुढचं निवासी प्रशिक्षण आणि तिथल्या सरकारची परीक्षा लागते, आणि हा नियम तिथल्या नागरिकालाही तोच आहे. आपला आयोग विचारतो, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं पात्रता आहे का. म्हणजे विद्यापीठानं आणि तिथल्या सक्षम खात्यानं दोघांनीही असं लिहून द्यायला हवं की ही पदवी घेतलेल्याला जॉर्जियाच्या नागरिकाइतकाच हक्क आहे, त्यात परदेशी म्हणून फरक नाही. आधीच्या बॅचच्या मुलांना असं पत्र कुठल्या शब्दांत मिळालं, ते आम्ही जमवतो आहोत. पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला ती तो अर्ज करेल, सहाव्याची वाट न बघता.

येत्या उन्हाळी सुटीत औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र भारतीय पुस्तकातून पूर्ण करायचं आहे. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात यायला नर्सताईंनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय. आणि गेल्या महिन्यात अप्पा शेजारच्या गावातल्या एका पालकाला घेऊन आले होते. त्याच्या हातात एक पत्र होतं. ते उघडायच्या आधीच अप्पांनी त्याला विचारलं, "इंटर्नशिप कुठं लिहिलीय यात?"